स्टुलाची खालची बाजू

खाडीकाठच्या आमच्या हेल्लेविक गावात कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले, की बसायला दिलेले स्टूल आधी उलटे करून पाहायचे असते. खालच्या बाजूला तापलेल्या सळईने कोरलेली ओळ-दोन ओळी असतात. त्या वाचायच्या, मान डोलवायची आणि मग बसायचे. पोस्टातल्या गुन्वोरच्या स्वयंपाकघरात जे स्टूल आहे, त्याच्याखाली लिहिले आहे, 'एक पाय आखूड. घाई माझीच.' तिच्या मुलाच्या स्टुलाखाली, 'आईच्या स्टुलापेक्षा बरे, पण डावीकडे उतरते.' दुकानदार इंग्वारच्या स्टुलाखाली, 'सांधा ढिला होता. सरसाने बुजवला. सरांना कळले.' इंग्वार आता साठीला टेकला आहे, पण दुकानात अजून त्याच स्टुलावर बसतो. गावात कुणी नवा माणूस राहायला आला, की आपणहून उठून ते उलटे करून दाखवतो, आणि वर म्हणतो, "वाचा, वाचा. सगळ्या गावाने वाचलंय."

ही सगळी आस्मुंड सरांची करणी. सदतीस वर्षे ते आमच्या शाळेत सुतारकाम शिकवत होते. त्यांची खोली तळघरात होती. मी वरच्या मजल्यावर लहानांना अक्षरे आणि सगळ्यांनाच धर्म शिकवत असे. सर बोलायचे कमी. मुलांना नीतीचे चार शब्द सांगायचे काम आपले नाही, असे त्यांचे ठाम मत होते. नव्या वर्गाला ते पहिल्या दिवशी सांगत, "चांगुलपणा वरच्या मजल्यावर बाई शिकवतात. इथे खाली आपण रंधा मारायचा."

आमच्याकडे त्या वयाच्या मुलांना गुण देत नाहीत. त्यामुळे सहावीतल्या प्रत्येकाने वसंतात पुरे केलेले स्टूल चांगले की वाईट, हे सर कधी सांगत नसत. ते फक्त दोन नियम सांगत. पहिला नियम असा, की स्टूल झाले की उलटे करायचे आणि त्यात काय चुकले आहे ते खाली आपल्या हाताने लिहायचे, नाव आणि साल घालून. दुसरा असा, की घरी नेल्यावर त्यावर पहिल्यांदा जो कोणी बसणार असेल, त्याला बसायच्या आधी खालची बाजू दाखवायची. बस, एवढेच. लिहिलेल्या चुकीबद्दल ते कुणाला कधी रागावले नाहीत. न लिहिलेली मात्र त्यांना दिसत असे. मग ते स्टूल मांडीवर घेऊन नुसते बसून राहत, आणि ते बसणे रागावण्यापेक्षा वाईट होते असे मुले म्हणत.

टोरा हेगदाल त्यांच्याच हाताखालची. सहावीत असताना तिने जे स्टूल केले, तसे त्या तळघरात कधी झाले नव्हते. चारही पाय सारखे, सांध्यात कागदसुद्धा शिरू नये असे. खाली तिने लिहायला घेतले, 'काही चूक नाही.' सरांनी सळई तिच्या हातातून काढून घेतली.

"आहे," ते म्हणाले. "शोध."

पोरगी दहा दिवस काटकोन तपासायचा गुण्या आणि फुटपट्टी घेऊन त्या स्टुलाभोवती फिरली. माझ्या तासाला तिचे लक्ष नसे. मी विचारले तर म्हणाली, "बाई, सर दुष्ट आहेत. काहीच चुकलेलं नाही आणि म्हणतात शोध." दहाव्या की अकराव्या दिवशी ती मधल्या सुट्टीत एकटीच तळघरात गेली आणि लिहून आली. 'फळी सगळ्यांत चांगली. सगळ्यांच्या आधी येऊन ढिगाखाली लपवून ठेवली होती.'

सरांनी वाचले. "आता झालं स्टूल," म्हणाले, आणि दुसऱ्या मुलाकडे वळले.

पुष्कळ वर्षांनी मी त्यांना विचारले, की फळीचे तुम्हांला माहीत होते का? ते म्हणाले, "मला काय ठाऊक. मी नुसतं आहे म्हटलं. असतंच काहीतरी."

मी तीस वर्षे दहा आज्ञा पाठ करून घेतल्या. त्या पाठ असलेली माणसे आमच्या गावात पुष्कळ आहेत, आणि देवाने मला ते काम दिले याबद्दल मी त्याची ऋणी आहे. पण आज सांगायचे आहे ते तळघरातल्या शाळेबद्दल.

आमच्या चर्चची घंटा दोन वर्षे मुकी होती. मनोऱ्यातला जो लाकडी सांगाडा तिला पेलतो, तो आतून कुजला होता. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पाच वाजता खाडीकाठच्या सगळ्या गावांच्या घंटा वाजतात आणि सण सुरू होतो. दोन नाताळ आम्ही दारे उघडून पलीकडच्या काठाची घंटा ऐकली. वारा उलटा असला तर तीही ऐकू येत नसे. आस्मुंड सर देवळात कधी यायचे नाहीत, पण ती संध्याकाळ त्यांनी आयुष्यात चुकवली नव्हती. चर्चच्या भिंतीला टेकून, टोपी हातात घेऊन बाहेर उभे राहत. मी आत बोलावले तर म्हणत, "आतलं तुम्ही ऐका बाई. मला घंटा पुरते." आता ते शहाऐंशी वर्षांचे आहेत. पाय गेले. चर्चसमोरच्या वृद्धनिवासात त्यांनी मुद्दाम मनोरा दिसेल अशी खोली मागून घेतली.

नवा सांगाडा करायचे काम टोराला मिळाले. ती आता एक्केचाळीस वर्षांची आहे, धक्क्याजवळ तिचा कारखाना आहे, हाताखाली दोन माणसे. चर्चच्या समितीत तेव्हा बरीच चर्चा झाली. बर्गनची मोठी कंपनी बोलवा, असे काहींचे म्हणणे होते. मी टोरासाठी हात वर केला, आणि मग आणखी दोघांनी केला. जुन्या इमारतींच्या कचेरीतला तज्ज्ञ येऊन काम पाहून गेला आणि सही करून गेला. जाताना त्याने बोलूनही दाखवले, की हे नीट पार पडले तर खाडीपलीकडच्या आठशे वर्षे जुन्या लाकडी चर्चचे छप्पर टोराच्याच हाती देऊ. असे काम सुताराच्या वाट्याला जन्मात एकदा येते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फेरीबोटीने क्रेन आली, घंटा वर चढली, क्रेन परत गेली. मी स्थानिक वर्तमानपत्रात निवेदन दिले, की यंदा हेल्लेविकची घंटा वाजेल. चर्चच्या दृढीकरणाच्या, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या धर्मवर्गातल्या तीन मुलांना दोरी ओढायला शिकवू लागले.

माझा सकाळचा एक नेम आहे. सातला चर्च उघडायचे, मेणबत्ती लावायची, शेवटून तिसऱ्या बाकावर बसून त्या दिवसाचे वचन वाचायचे, आणि मग शाळेच्या जुन्या हजेरीपटातली दहा नावे घेऊन त्यांच्यासाठी मागायचे. पट संपला की पुन्हा पहिल्यापासून. त्या बुधवारी माझी पाच नावे झाली असतील, तेव्हा दार वाजले आणि टोरा आत आली. ती सगळ्यांत मागच्या बाकावर बसली. माझे आमेन होईपर्यंत बोलली नाही.

"बाई, झालं?"

"झालं. तू एवढ्या सकाळी? वरचं काही राहिलंय का?"

तिने खिशातून एक लाकडी ठोकळा काढला. त्याला दोन भोके होती. मग दोन खुंट्या काढल्या, बोटभर जाडीच्या, आणि एकेका भोकात एकेक बसवली.

"ही हलवून बघा."

हलली नाही.

"आता ही."

दुसरी पडायला आलेल्या दातासारखी हलली.

"सांगाड्याच्या तिरप्या टेकूंना या खुंट्या धरून ठेवतात," ती म्हणाली. "खुंटी आधी वर्षभर सुकवायची असते. भोकापेक्षा सुकी असली की आत जाऊन फुगते, घट्ट धरते. ओली मारली की आत जाऊन आकसते. माझी एक पेटी संपली, म्हणून दुसरी उघडली. वर चिठ्ठी गेल्या हिवाळ्याची होती. चिठ्ठी मीच लावलेली, चुकीच्या पेटीला. काल उरलेल्या खुंट्या आवरताना हातात हलकी लागायची ती जड लागली."

"किती गेल्या तशा?"

"आठ. पश्चिमेकडच्या टेकूंना."

"मग काढून दुसऱ्या घाल."

"घंटा खाली घेतल्याशिवाय निघत नाहीत. क्रेन जानेवारीच्या मध्यापर्यंत दुसरीकडे आहे. विचारलं मी."

मी विचारले, की तशीच ठेवली तर किती टिकेल.

"नुसती टांगून ठेवली तर मी म्हातारी होईपर्यंत. झुलवली तर पाच वर्षं. नाहीतर एक वर्ष. नाहीतर त्या संध्याकाळचा अर्धा तास. मला सांगता येत नाही, बाई. सांगता येत नाही हेच वाईट."

बाहेर अजून काळोख होता. मेणबत्तीची ज्योत हलत होती, कारण टोराने दार नीट लावले नव्हते. माझ्या डोळ्यांसमोर वर्तमानपत्रातले निवेदन आले, दोरी धरायला शिकलेली ती तीन मुले आली, आणि खिडकीशी बसलेले सर आले. मी जे बोलले ते जसेच्या तसे लिहिते.

"एकच संध्याकाळ आहे, टोरा. मुलांना मी लांब ठेवते, दोरीला मी एकटी उभी राहते. जानेवारीत आपण शांतपणे दुरुस्त करू. तोवर चालेल. देव सांभाळील."

टोराने माझ्याकडे पाहिले. मग हळूच म्हणाली, "देवाची परीक्षा बघायची नाही, असं फळ्यावर कुणी लिहिलं होतं? तुम्हीच ना?"

मी मांडीवरचे पुस्तक मिटले.

"मी वर तुळईखाली लिहूनसुद्धा आले," ती म्हणाली. "आठ खुंट्या ओल्या, टोरा, साल. कोरलं आणि वाटलं, सुटले. नियम पाळला. दुपारी पोटभर जेवले. मग हात धुताना आठवलं की नियम एकच नव्हता."

"सरांना सांगितलंस?"

"तेच तर होत नाही. ते त्या घंटेसाठी बसलेत बाई. तुम्ही चला बरोबर."

दहा वाजता आम्ही वृद्धनिवासात गेलो. सर खिडकीशी होते, गुडघ्यांवर घोंगडी, पुढ्यात कॉफी आणि वेलदोड्याचा बन, अर्धा खाल्लेला.

"ओड्नीबाई," ते म्हणाले, "आज परत माझ्या आत्म्यासाठी आलात का?"

"नाही. आज कॉफीसाठी."

"मग बसा. आत्मा आहे तसाच आहे, कॉफी मात्र गार होते." मग त्यांनी टोराकडे पाहिले. "काय गं, नीट वाजेल ना? माझे कान अजून चांगले आहेत, सांगून ठेवतो. फसवता येणार नाही."

टोराने ठोकळा त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. त्यांचे हात आता थरथरतात, कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो. पण ती दुसरी खुंटी त्यांनी ओढून काढली, नाकाशी नेली, टेबलाच्या कडेवर एकदा वाजवली.

"ओली."

"हो, सर."

"किती?"

"आठ."

त्यांनी खुंटी खाली ठेवली. खिडकीतून मनोऱ्याकडे पाहिले. तिकडे आता उजाडू लागले होते. तीस वर्षे मी त्यांच्याबरोबर काढली, पण हवी असलेली वस्तू समोर आहे आणि हात मागे घ्यायचा आहे, असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. आम्ही दोघी बाहेरच्या ओसरीवरचा बर्फ कुणीतरी खरवडत होते त्याचा आवाज ऐकत बसलो.

"लिहिलंस?"

"लिहिलं. तुळईखाली."

"तिच्याखाली उभं कोण राहतं?"

"दोरीला बाई. आणि तीन मुलं."

"त्यांना दाखवलीस?"

"बाईंना दाखवली. आज सकाळी."

"बाई काय म्हणाल्या?"

टोराने टेबलावरचा ठोकळा उगाच सरळ केला. मला वाचवायला ती काहीतरी जुळवून सांगेल, असे मला क्षणभर वाटले, आणि तिने तसे सांगावे असेही वाटले. ते लक्षात आल्यावर मग मीच बोलले.

"मी म्हणाले, चालेल."

"तुमच्या देवाला विचारून म्हणालात?"

"नाही. न विचारता."

सर हसले. खूप दिवसांनी हसले असावेत, कारण खोकला आला. "मग तुम्हीही कुठंतरी खालच्या बाजूला लिहून ठेवा," म्हणाले. खोकला थांबल्यावर ते टोराकडे वळले. "नियम किती होते?"

"दोन."

"मग मला काय विचारायला आलीस?"

"विचारायला नाही आले. सांगायला आले. बसणाऱ्यांत तुम्हीही आहात."

सरांनी उरलेला बन तिच्यापुढे सरकवला. सरांनी कुणाला बन दिल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

त्याच आठवड्यात रविवारी नाताळपूर्वीची तिसरी उपासना होती. टोराला त्या दिवशी चर्चमध्ये पाहून माणसे चकित झाली. शेवटचे गीत झाल्यावर पाद्रीबाईंनी तिला पुढे बोलावले. ती कामाच्या जाकिटातच आली होती. पाठ केलेले बोलतात तसे तिने भरभर सांगितले. आठ खुंट्या, चुकीची चिठ्ठी, क्रेन नाही, यंदा घंटा झुलवता येणार नाही. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. तज्ज्ञांना कालच पत्राने कळवले आहे.

आमची माणसे आरडाओरडा करत नाहीत. ती गप्प बसतात, आणि ते सोसायला कठीण असते. मग मागून कुणीतरी म्हणाले, "म्हणजे तिसरा नाताळ." इंग्वार उभा राहिला. बर्गनच्या कंपनीसाठी सगळ्यांत जास्त तोच बोलला होता.

"मी तेव्हाच सांगत होतो," तो म्हणाला. "पण मला एक सांग, तज्ज्ञाची सही झाली होती. त्याला दिसलं नाही, आम्हांला दिसलं नसतं. ते पलीकडचं छप्पर तुझ्या हातात आल्यातच जमा होतं. मग बोललीस कशाला?"

"बाई दोरीला असत्या," टोरा म्हणाली. तेवढेच.

"दाखव ती खुंटी," इंग्वार म्हणाला.

तिने ठोकळा त्याच्या हातात दिला. त्याने सुकी हलवून पाहिली, ओली हलवून पाहिली. दुसरी काढली, बाकाच्या कडेवर वाजवली आणि कान दिला. मग बाजूच्या गुन्वोरकडे दिली. तिनेही तसेच केले, नाकाशी नेली, आणि मागच्या बाकावर दिली. अशी ती ठोकळ्या-खुंटीची जोडी हातोहात सगळ्या चर्चभर फिरली. कुणी नुसती बोटांत फिरवली, कुणी वाजवली, कुणी दाताखाली दाबून पाहिली. बँकेतली, मासेमारीच्या होड्यांवरची, दवाखान्यातली, मुलाबाळांची, नातवंडांची माणसे, आणि प्रत्येकाचा हात ती खुंटी कशी धरायची हे जाणत होता. कारण ती सगळी कधी ना कधी त्या तळघरात रंधा मारत होती. सर निवृत्त झाले तरी नंतरच्या शिक्षकांनी रीत मोडली नाही, त्यामुळे शाळकरी पोरेही जाणत होती. कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. फक्त मी आणि पाद्रीबाई, दोघीच अशा होतो की ज्यांनी सुतारकाम केले नव्हते. आम्ही हात मांडीवर ठेवून पाहत होतो, आणि माझा ऊर भरून आला होता. देवळात बसून असा अभिमान वाटावा की नाही मला ठाऊक नाही. मला वाटला.

ठोकळा फिरून इंग्वारकडे परत आला.

"ओली आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "आठही अशाच?"

"आठही."

"बरं." त्याने ठोकळा तिला दिला. "माझ्या वेळी निदान एवढी माणसं जमवून वाचलं नव्हतं. मला फक्त आईला दाखवावं लागलं."

तेव्हा लोक हसले. बाहेर कॉफी ओतली जात होती, तिकडे निघाले. जाताना कुणी टोराच्या पाठीवर थाप मारली नाही, आमच्यात तसे करत नाहीत. पण गुन्वोर तिला म्हणाली, "बुधवारी माझ्या दाराचं बिजागर बघायला ये. निखळलंय." आणि तिच्या मागोमाग आणखी तिघांनी दारे, खिडक्या, होडीचा कठडा असे काहीबाही काम सांगितले. नाताळच्या आठवड्यात बिजागरे कोण दुरुस्त करून घेते?

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी मनोऱ्यात चढले. मुलांना खाली ठेवले होते. घंटा न झुलवता, तिच्या आतला लोलक हाताने धरून, मोजके ठोके देता येतात. उपासनेच्या शेवटी आम्ही देतो ते तीनदा तीन ठोके, त्यात सांगाड्याला काही होत नाही, असे टोराने लिहून दिले होते. पाच वाजले. पलीकडच्या काठावर घंटा झुलू लागली, मग वरच्या खोऱ्यातली. मी तीन दिले. थांबले. तीन दिले. थांबले. शेवटचे तीन दिले आणि कंप विरेपर्यंत घंटेला हात लावून उभी राहिले.

खाली उतरून मी वृद्धनिवासात गेले. सरांची खिडकी सताड उघडी होती, खोलीत बर्फासारखी थंडी, आणि सर व टोरा दोघेही कोट-टोप्या घालून बसले होते. टेबलावर तांदळाची खीर निवत होती.

"नऊ," सर म्हणाले.

"हो, नऊ."

"पुढच्या वर्षी जास्त."

"देवाची इच्छा असेल तर," मी म्हणाले.

"टोराची," ते म्हणाले. "खिडकी लावा आता. गारठून मेलो तर पुढचं वर्ष कुठलं?"

जानेवारीत क्रेन आली, घंटा उतरली, आठ खुंट्या बदलल्या, घंटा पुन्हा चढली. हे पाहायला तो तज्ज्ञ बर्गनहून मुद्दाम आला. पत्राला त्याने उत्तर दिले नव्हते, त्यामुळे पलीकडचे छप्पर हातचे गेले असेच टोरा धरून चालली होती. तो मनोऱ्यात चढला, विजेरी घेऊन तुळईखाली आडवा झाला, आणि तिने डिसेंबरात कोरलेले वाचले. खाली तिने आता नवी ओळ घातली होती, 'बदलल्या.' मग तो खाली उतरला. थंडीने त्याचे ओठ निळे पडले होते, म्हणून टोराने त्याला घरी नेले. मीही गेले.

स्वयंपाकघरात तिने स्टूल पुढे केले. तो बसायला लागला.

"थांबा," टोरा म्हणाली. "आधी उलटं करा."

त्याला वाटले, काही सांडले असेल. उलटे केले. मग चष्मा काढून पुसला आणि मोठ्याने वाचले, फळी सगळ्यांत चांगली, सगळ्यांच्या आधी येऊन ढिगाखाली लपवून ठेवली होती. खाली टोराचे नाव, आणि साल असे की तेव्हा ती बारा वर्षांची होती.

"मग दुसऱ्या नंबरची फळी कुणाला मिळाली?" त्याने विचारले.

"गुन्वोरच्या धाकट्या बहिणीला. ती अजून बोलून दाखवते."

"असे सगळ्या गावात आहेत?"

"सगळ्या," मी म्हणाले. "दुकानातलं बघून जा. इंग्वार वाट बघत असेल."

तो त्या स्टुलावर बसला. चारही पाय जमिनीला नीट टेकतात का ते त्याने जरा डोलून पाहिले. मग कॉफीचा कप घेऊन म्हणाला, "छपरासाठी लागणाऱ्या खुंट्या आत्तापासून सुकत घाला. मे महिन्यात सुरू करायचं. आणि चिठ्ठ्या नीट लावा."

"दोनदा बघून लावीन," टोरा म्हणाली. आवाज नेहमीचाच होता, पण कॉफी ओतताना तिने माझ्या कपाबाहेर सांडली.

त्याच संध्याकाळी सरांना जाऊन मी हे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मनोऱ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "पोरीला सांगा, खुंट्यांना बर्चचं लाकूड घेऊ नको म्हणावं. पाइनचा गाभा घे." मी निघाले तरी ते खिडकीकडेच पाहत होते. त्यांच्या चेहऱ्यावर पोरीचा अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी लिहून ठेवलेला नाही. म्हणून मी लिहिते आहे.

राहिले माझे. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला चर्च उघडले, मेणबत्ती लावली. गुडघे दुखतात, तरी शेवटून तिसऱ्या बाकापाशी खाली बसले, मग आडवी झाले, आणि बाकाच्या खालच्या बाजूला पेन्सिलीने लिहिले, 'ओड्नी. ओल्या खुंट्यांना चालेल म्हणाले.' खाली साल घातले. उठायला बराच वेळ लागला. मग त्यावर बसून नेहमीची दहा नावे घेतली. रोज घेते.